मुकादमाच्या नावाचं कुत्रं

हॉबर्ट टोलरने आयुष्यात चौदा शिकारी कुत्री पाळली. बारांना चांगली नावं दिली, एकाला वाईट दिलं, आणि शेवटच्याला दिलंच नाही.

स्लेट फोर्कच्या दरीत चांगलं नाव म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. नाव एका श्वासात बसलं पाहिजे. आम्ही सगळे कोळशाच्या खाणीतले. पन्नाशी येईपर्यंत प्रत्येकाच्या छातीत धूळ बसलेली असते, आणि चढ चढून आल्यावर हाताशी एकच श्वास उरतो. तेवढ्यात कुत्रं परत बोलावता आलं पाहिजे. लांबलचक नाव ठेवणारा माणूस एकतर दुकानदार असतो, नाहीतर शाळामास्तर.

बाकीचे नियमही साधे आहेत. पिल्लाने एकट्याने ससा उठवून, त्याला गोल फिरवून बंदुकीसमोर आणेपर्यंत नाव द्यायचं नाही. तोवर त्याला ‘ए’ म्हणायचं. गेलेल्या चांगल्या कुत्र्याचं नाव पुन्हा वापरायचं नाही. आणि जिवंत माणसाचं तर कधीच नाही, कारण कुत्र्यावर दिवसभर ओरडावं लागतं आणि त्या माणसाची बायकामुलं दरीतच राहत असतात.

हॉबर्टला नावं चांगली सुचत. सुचत म्हणणंही चूक आहे, तो ती शोधायचा. लोक आपली बीगल पिल्लं त्याच्याकडे आणायचे, आणि तो एक अख्खा हिवाळा त्या पिल्लाबरोबर डोंगर चढल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. माझ्या कुत्रीचा आवाज पत्र्यावर हातोडी पडल्यासारखा होता. तिचं नाव त्याने ड्रम ठेवलं. कुत्रीला कसलं हे नाव, असं माझी बायको म्हणाली. पण ड्रम म्हटलं की दोन डोंगरांपलीकडच्या माणसालाही कुठली ते कळायचं.

कामातही तो तसाच होता. खाणीचं छत खाली येऊ नये म्हणून त्याला बोल्ट मारायचं काम त्याचं. मी त्याच्यासोबत त्याच पाळीत बावीस वर्षं काढली. त्याने मारलेल्या बोल्टची पट्टी ढिली निघालेली मी एकदाही पाहिली नाही. घाईचे दिवस असले, वरून आरडाओरडा चालू असला, तरी प्रत्येक बोल्ट तेवढाच खोल. सावकाश काम करतो अशी त्याच्याबद्दल तक्रार होती. त्याच्या छताखाली मात्र कुणी मेलं नाही.

त्याचा भाऊ एम्मिट मेला तो दुसऱ्याच्या छताखाली.

ऑक्टोबर एकोणऐंशी. एक भाग खणून संपला होता आणि आम्ही तिथून सामान काढत होतो. छत सकाळपासून बोलत होतं. खाणीत छत बोलतं म्हणजे काय ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. ज्याने ऐकलं नाही त्याने एवढंच समजावं की तेव्हा आत पाऊल टाकायचं नसतं. छताला टेकू द्यायचे दोन लोखंडी जॅक आत राहिले होते. क्रीड व्हान्स आमचा मुकादम. तो एम्मिटला म्हणाला, “तेवढे दोन घेऊन ये, मग सुटलास.” एम्मिट एकतीस वर्षांचा होता. तो गेला.

त्याला बाहेर काढायला एकोणीस तास लागले. एकोणीसही तास हॉबर्ट खणत होता. जेवायला म्हणून त्याला बाजूला घेतला तर फावडं हातातून सोडेना.

पुढे चौकशी झाली. आपण कुणालाही आत पाठवलं नाही, पोरगा स्वतःच्या मनाने गेला, असं क्रीडने शपथेवर सांगितलं. त्या वेळी जवळ दोघं होतो. एकजण आता हयात नाही. दुसरा मी. यंत्र चालू होतं, काही ऐकू आलं नाही, असं मी सांगितलं. यंत्र चालू होतं हे खरं आहे. ऐकूही आलं होतं. मला तीन मुलं होती आणि क्रीडच्या हाताखाली अजून काम करायचं होतं.

हॉबर्टने मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पुढची अठरा वर्षं आम्ही एकत्र शिकार केली.

क्रीडशी मात्र तो त्या दिवसापासून बोलला नाही. कामापुरतं मान हलवायचा, बस. चर्चमध्ये क्रीड डाव्या बाजूला बसला की टोलरांचं घर उजवीकडे. दुकानात क्रीड आला की हॉबर्ट हातातली वस्तू फळीवर ठेवून बाहेर पडायचा. दरीत सगळ्यांना ते माहीत होतं. चौकशीच्या कागदावर जे लिहिलं गेलं नाही, ते हॉबर्टने आपल्या अंगावर लिहून ठेवलं होतं म्हणा ना.

त्र्याण्णव साली आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो, आणि क्रीड आमच्या आधीच. त्या वसंतात हॉबर्टच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली. चार चांगली होती. पाचवं अंगाने अर्धं, मागचे पाय आत वळलेले, भांडं पडलं तरी ओट्याखाली पळणारं. चार गेली. पाचवं कुणी नेईना.

दुकानासमोरच्या बाकावर आम्ही बसलो असताना आर्ली बोगसने त्याला विचारलं की ते उरलेलं टाकाऊ पिल्लू कुणाच्या गळ्यात मारणार. आर्लीला चेष्टेशिवाय बोलता येत नसे.

“ठेवतोय मीच,” हॉबर्ट म्हणाला. “नावही ठेवलं.”

“नाव? अरे, अजून त्याला ससा म्हणजे काय ते ठाऊक नाही, गड्या.”

“क्रीड.”

आर्ली हसायचा थांबला. मी बुटांकडे बघत बसलो. शेवटी आर्लीच म्हणाला की आधी काम बघावं आणि मग नाव द्यावं, हे आम्हाला हॉबर्टनेच शिकवलंय.

“याचं काम मला आधीच ठाऊक आहे,” हॉबर्ट म्हणाला. “स्वतः काटेरी जाळीत शिरायचं नाही, दुसऱ्याला पाठवायचं.”

एकाच वेळी दोन नियम मोडले होते त्याने. पण एका श्वासात बसणारं नाव म्हणून विचाराल तर क्रीड हे उत्तम नाव होतं. तुटक, कडक, शेवटी दार आपटल्यासारखं. ते वाया जातंय असं मला तेव्हा वाटलं होतं.

पहिला हिवाळा हॉबर्टने मनासारखा काढला. पिल्लू काटेरी जाळीपाशी थबकलं की तो दरीभर ओरडायचा. “क्रीड! आत हो की, भेकडा! काय बघतोस माझ्या तोंडाकडे, आत कोण जाणार, तुझा बाप?” बंदूक वाजली की पिल्लू माझ्या पायांत येऊन बसायचं. मग पुन्हा, “क्रीड! लपलास? लप. सवयच आहे तुला.” डोंगरावर आम्ही जिथे उभे राहायचो त्या सपाटीखालीच रस्ता होता आणि रस्त्याच्या कडेला घरं. खोकला येईपर्यंत तो शिव्या द्यायचा. खोकला थांबला की चेहरा स्वच्छ झालेला दिसायचा, अंघोळ करून आल्यासारखा.

क्रीड व्हान्सच्या कानावर ते गेलं असणारच. तो काही बोलला नाही. बायको वारली होती, दोन्ही मुलगे ओहायोत गेले होते. चर्चच्या पुढच्या वळणावर तो एकटा राहत होता.

दुसऱ्या हिवाळ्यात गडबड झाली. कुत्रं काम करू लागलं.

ते कसं झालं सांगता येत नाही. शिव्या देता देता हॉबर्ट त्याला रोज डोंगरावर नेत होता, एवढं मी पाहिलं. बर्फ असो, पाऊस असो. त्याला फक्त ओरडायचं होतं, पण ओरडायला गेलं तरी चढ चढावाच लागतो. त्या अर्ध्या कुत्र्याचे पाय त्यात भरले. आणि नाक तर त्याला देवाने दुप्पट दिलं होतं. ससा मध्येच उलटा फिरला, उडी मारून वास तोडला, की साधी कुत्री तोंड वर करून भुंकत सैरावैरा पळतात. हा गप्प व्हायचा. जिथे शेवटचा वास होता तिथे परत यायचा आणि वीतभर वीतभर जमीन हुंगत पुढे सरकायचा. खात्री झाल्याशिवाय आवाज काढायचा नाही. एकदा काढला की ससा ठरलेल्या जागी, बंदुकीसमोर. त्याला काम करताना बघणं म्हणजे चांगल्या गवंड्याला बघणं. मी दुसऱ्याच्या कुत्र्याचं सहसा कौतुक करत नाही.

पहिल्यांदा “शाबास, क्रीड” म्हणाला तेव्हा हॉबर्ट स्वतःच दचकला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बंदुकीत गोळी भरत असल्याचं दाखवलं.

त्यानंतर शिव्या कमी होत गेल्या आणि चौथ्या हिवाळ्यापर्यंत संपल्या. हाक तेवढी राहिली. कुत्रं त्या हाकेला कुठूनही यायचं. मी ते मोजून पाहिलंय. वारा पडलेला असेल तर पाऊण मैलावरून.

शहाण्णवच्या पानगळीत बीगल क्लबच्या स्पर्धेत आम्ही त्याला उतरवलं. एकतीस कुत्री होती. दुपारपर्यंत सहा उरली, चार वाजता एक. भोंग्यावरून पुकारलं गेलं, “पहिला, टोलरांचा क्रीड.” आमच्या दरीतली माणसं आधी हसली. मग टाळ्या वाजल्या, आणि चांगल्या वाजल्या.

गर्दीतून क्रीड व्हान्स पुढे आला. टोपी काढून हातात घेतलेली. हॉबर्टच्या डाव्या हातात साखळी होती. उजवा हात त्याने दिला नाही. तो घेतला गेला.

“हॉबर्ट,” क्रीड म्हणाला, “माझ्या पोरांनीसुद्धा आपल्या पोरांना माझं नाव ठेवलं नाही. एम्मिटचं तू अजून मनात धरून बसलायस असं मी समजत होतो.”

आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं उभी होती. हॉबर्टचं तोंड उघडलं. त्याच वेळी कुत्र्याने मागच्या पायांवर उभं राहून क्रीडच्या हाताचा वास घेतला आणि शेपूट हलवली. हॉबर्टने तोंड मिटलं.

पुढच्या रविवारी पाद्र्याने क्षमेवर प्रवचन दिलं. नाव कुणाचं घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना उजवीकडे वळल्या. क्रीड दुकानात, पोस्टात, न्हाव्याकडे सांगत सुटला की टोलरांनी माफ केलं. एक दिवस तो डुकराचं खारवलेलं मांस आणि कुत्र्याच्या खाण्याची गोणी घेऊन घरी आला. हॉबर्ट मागच्या दाराने परसात गेला. त्याच्या बायकोने, ओपलने, सामान घेतलं, क्रीडला कॉफी दिली. घरी आलेल्याला ती हाकलत नसे.

नंतर तिने हॉबर्टला माझ्यासमोरच सुनावलं. “तीन वर्षं डोंगरावर त्याच्या नावाने शंख केलास, तेव्हा लाज वाटली मला. आता लोक चांगलं म्हणतात तर तुझं तोंड का वाकडं?”

“लोक काय म्हणतात ते खोटं आहे.”

“मग सांग ना जाऊन खरं काय ते.”

तो उठून परसात गेला. ते मांस त्याने खाल्लं नाही. कुत्र्यालाही दिलं नाही.

बाहेर आल्यावर मीही तेच म्हटलं. भेट त्याला, आणि हे नाव तुझा मान करायला ठेवलेलं नाही असं तोंडावर सांग, दोन मिनिटांचं काम आहे. हॉबर्ट कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यावरचा बर्फ फोडत होता.

“सांगितलं की सगळी दरी या कुत्र्याला हसेल,” तो म्हणाला. “याने काय वाईट केलंय कुणाचं?”

नाव बदलायचाही प्रयत्न त्याने केला. महिनाभर दुसऱ्याच नावाने हाका मारल्या. कुत्रं मागे वळून बघायचं, कोणाला बोलावतायत ते. चार वर्षांच्या कुत्र्याचं नाव बदलत नाही हे आमच्यात सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक होतं.

शेवटी त्याने नाव घेणंच सोडलं. वडिलांचं जुनं गाईचं शिंग होतं, ते घासूनपुसून गळ्यात अडकवलं आणि शिंग फुंकून कुत्रं बोलवायला लागला. मला ते पटलं नाही. शिंगाला छाती लागते. त्याची छाती डॉक्टरांच्या हिशेबाने एक तृतीयांश उरली होती. सांगून झालं, ऐकलं नाही. कुत्रं शिंगाला यायचं, पण विचार करून यायचं.

अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी. कोळशासाठी डोंगर फोडून जी सपाटी तयार झाली आहे तिथे आम्ही दोघं उभे होतो. काटेरी जाळ्या, पांढरं आकाश, समोरून वारा. खाली दोनशे पावलांवर कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. क्रीडने, म्हणजे कुत्र्याने, ससा उठवला होता आणि पहिला फेरा पुरा होत आला होता. तेवढ्यात मागून पावलं वाजली. क्रीड व्हान्स वर येत होता. बंदूक नव्हती, हातात काठी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

“आवाज ऐकला खालून,” तो म्हणाला. “म्हटलं बघावं एकदा काम करताना.”

हॉबर्टने मान वळवली नाही. मी जागा करून दिली.

ससा फेरा सोडून खाली वळला. असं दहातून एकदा होतं. कुत्रं त्याच्यामागे, आवाज रस्त्याकडे सरकायला लागला. वरच्या वळणावर भरलेल्या ट्रकने ब्रेक दाबल्याचं फडफडणं ऐकू आलं. हॉबर्टने शिंग तोंडाला लावलं. थुंकी गोठली होती की छाती पुरली नाही, मला माहीत नाही. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा.

“हाक मार,” मी म्हणालो.

कुत्रं उतारावर दिसत होतं. वारा समोरून होता, पण नुसत्या हाकेच्या अंतरावर होतं ते.

“हाक मार ना, हॉबर्ट,” क्रीड म्हणाला.

हॉबर्टने तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे पाहिलं असेल. मी बाजूलाच होतो. त्याने श्वास भरून घेतलेला मी पाहिला. छाती वर आली आणि तशीच राहिली.

मग क्रीडने ओरडायला सुरुवात केली. एक म्हातारा माणूस, काठी टाकून, दोन्ही हात तोंडाशी धरून, स्वतःचंच नाव घेऊन दरीत ओरडत होता. “क्रीड! क्रीड!”

कुत्र्याने ऐकलं. ते रस्त्यावर पोचलं होतं. ते थांबलं, वर बघितलं. नाव त्याचं होतं, आवाज ओळखीचा नव्हता. दुसऱ्या हाकेची, खऱ्या हाकेची वाट बघत ते रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं.

ट्रक थांबला नाही. त्या उतारावर भरलेला ट्रक थांबत नाही, ड्रायव्हरची चूक नव्हती.

हॉबर्टने त्याला कोटात गुंडाळून वर आणलं. घरामागे, जिथे आधीची कुत्री पुरली आहेत, तिथे खड्डा काढायला घेतला. जमीन हातभर गोठलेली. मी पहार आणली. त्याने हातानेच नको म्हणून खुणावलं. क्रीडने फावडं उचललं होतं.

“ठेव ते खाली,” हॉबर्ट म्हणाला.

तीन तास लागले त्याला. दहा घाव घालायचे, कुदळीवर कपाळ टेकून उभं राहायचं, पुन्हा दहा. आम्ही दोघं धडधाकट माणसं, म्हणजे त्याच्या मानाने धडधाकट, नुसतं बघत उभे. खड्डा तीन फूट खोल झाला. कडा सरळ, तळ सपाट. कामात तसूभर खोट नव्हती.

माती लोटून झाल्यावर तो तसाच गुडघ्यांवर राहिला आणि क्रीडशी बोलला.

“तुझ्या नावाला शिव्या घालता याव्यात म्हणून ठेवलं होतं ते नाव.”

“ठाऊक आहे मला,” क्रीड म्हणाला. “पहिल्या हिवाळ्यापासून ठाऊक आहे. माझ्या ओसरीवर रोज ऐकू यायचं.” त्याने टोपी डोक्यावर घातली. “पण स्पर्धेत लोक टाळ्या वाजवत होते, हॉबर्ट. ते नाव घेऊन कुणी टाळ्या वाजवलेल्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.”

“एम्मिटला तू पाठवलंस.”

क्रीडने माझ्याकडे बघितलं. हॉबर्टनेही बघितलं. थंडी होती, तिघांच्याही तोंडातून वाफ येत होती. मी पहार उचलली आणि ती अवजारांच्या खोपटात ठेवायला गेलो. परत आलो तेव्हा क्रीड रस्त्याला लागला होता.

हॉबर्ट एवढंच म्हणाला, “यंत्र चालू होतं ना, बर्ल?”

मी म्हणालो, हो.

त्यानंतर आम्ही शिकारीला एकत्र गेलो नाही. भांडण वगैरे झालं नाही. मी विचारायचा थांबलो, तो बोलवायचा थांबला. क्रीड दोन वर्षांनी झोपेतच गेला. त्याला पोचवायला हॉबर्ट आला होता, मागे उभा राहिला, थडग्यात माती न टाकता गेला.

नव्याण्णव साली त्याने शेवटचं पिल्लू घेतलं. त्याने ससा उठवला, फिरवला, बंदुकीसमोर आणला. नाव द्यायची वेळ झाली. लोकांनी विचारलं, तो नुसता खोकायचा. ओपल त्याला ‘कुत्रं’ म्हणायची. हॉबर्ट काहीच म्हणायचा नाही, खाण्याच्या बादलीवर बोटाने दोनदा टकटक करायचा. सात वर्षं तेवढ्यावर काढली.

गेल्या वर्षी हॉबर्ट गेला. ओपल मुलीकडे राहायला गेली आणि कुत्रं माझ्याकडे आणून दिलं. आठ वर्षांचं झालंय. नाक शाबूत आहे, पाय थोडे आखडतात. मी नेटाने प्रयत्न केला. एका श्वासात बसतील अशी अकरा नावं करून पाहिली, प्रत्येक नाव आठ आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ. कान हलत नाही. बादली वाजवली की येतं.

डोंगरावर बादली नेता येत नाही. त्याला मी साखळीवरच फिरवतो.